काळी गोटी, पांढरी गोटी

युरोपातल्या जुन्या क्लबांत आणि फ्रीमेसन या गुप्त विधी पाळणाऱ्या बंधुसंघटनेच्या लॉजमध्ये, म्हणजे शाखांत, नवा सभासद घ्यायचा की नाही, हे हात वर करून ठरत नसे. एक पेटी फिरायची. प्रत्येकाने आत मूठ घालून एक गोटी सोडायची. पांढरी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार. कुणी काय टाकलं ते कळायचं नाही आणि कारण तर कुणी विचारायचंच नाही. माणसाला सभ्यपणे दारातून परत पाठवायची याहून सोयीची रीत मला तरी माहीत नाही. नाकारणारा दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटला तरी हॅट उचलून अभिवादन करणार, आणि नाकारला गेलेला बिचारा गावातल्या प्रत्येक हॅटकडे संशयाने बघत राहणार.

प्रशिया या जर्मन राज्यातल्या जुन्या, मोठ्या लॉजना ज्यू उमेदवारासाठी पेटी फिरवायचीही तसदी घ्यावी लागली नाही. सभासद ख्रिस्ती हवा, हे त्यांच्या नियमातच होतं. भाषणं मात्र विश्वबंधुत्वाची. याच काळात, १८०७ च्या सुमाराला, फ्रँकफर्टमधल्या काही ज्यूंनी थेट फ्रेंच फ्रीमेसनांकडून मान्यता मिळवून स्वतःची फ्रीमेसन लॉज काढली आणि तिला 'उगवती पहाट' अशा अर्थाचं नाव दिलं. पुढे नावाजलेला लेखक लुडविग ब्योर्न तिचा सभासद होता. जर्मन लॉजना ती कितीतरी वर्षं सावत्रच वाटत राहिली.

मी हांबुर्गला ग्रिंडेल या भागाजवळ राहते. विद्यापीठ, स्वस्त कॅफे, सायकली आणि सतत कुठल्या ना कुठल्या खणकामाचा आवाज, असा हा भाग. हिटलर येण्याआधी शहरात वीसएक हजार ज्यू राहत आणि त्यांच्या जगण्याचा गाभा इथे होता. १९०६ मध्ये बांधलेलं बोर्नप्लाट्झचं भव्य सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, इथेच होतं. १९३८ च्या नोव्हेंबरात त्याची नासधूस झाली आणि पुढच्या वर्षी ते पाडून टाकलं. आता तिथे मोकळं पटांगण आहे. जमिनीवर गडद दगडांच्या रेघा दिसतात. मार्ग्रिट काल या शिल्पकार बाईंनी १९८८ मध्ये त्या सिनेगॉगच्या छताच्या कमानींचा आराखडा मूळ मापात फरसबंदीत बसवला. मुलं त्यावरून धावतात, माणसं फोनवर बोलत जातात. वरचं छत पायाखाली आलंय हे लक्षात आलं, की मात्र चालताना उगाच अडखळल्यासारखं होतं.

तरी सिनेगॉगबद्दल माझ्या मनात जेवढे प्रश्न आले नाहीत, तेवढे तिथून चार पावलांवरच्या हार्टुंगस्ट्रासेवरच्या एका इमारतीने उभे केले. आज ते नाट्यगृह आहे, हांबुर्गर कामरश्पीले. १९०४ मध्ये मात्र ते ज्यू बंधुमंडळाचं, 'ब्नाय ब्रिथ'चं लॉजघर म्हणून उघडलं होतं. परदेशात एका लहानशा मराठी मंडळाचे हिशोब सांभाळायचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे कुणी इमारत बांधली म्हटलं की मला पहिला प्रश्न पडतो तो पैशांचा. कुणी दिले, किती जणांनी दिले, आणि वर्गणी वेळेवर यायची का?

या बंधुमंडळाची सुरुवात झाली ती अमेरिकेत. १३ ऑक्टोबर १८४३ रोजी न्यूयॉर्कमध्ये बारा जर्मन ज्यू एका कॅफेत जमले. हेन्री जोन्स हा त्यांचा म्होरक्या. नाव इंग्रजी वळणाचं, माणूस जर्मनीतून आलेला. शहरात ज्यू होते, पण एकमेकांचं तोंड न पाहणारे. बव्हेरियाचे वेगळे, पोलंडचे वेगळे, प्रार्थनेचा सूर वेगळा म्हणून सिनेगॉग वेगळं. आपल्याकडे दोन मराठी माणसं जमली की तीन मंडळं होतात म्हणतात ना, ज्यूंमध्ये हाच विनोद सिनेगॉगवरून सांगतात. या बाराजणांनी ठरवलं की धर्माचे वाद दाराबाहेर ठेवायचे. सभासद गेला तर त्याच्या बायकोला क्रियाकर्मासाठी ३० डॉलर आणि नंतर दर आठवड्याला एक डॉलर द्यायचा, मुलगा असेल तर त्याला एखादा धंदा शिकवायचा. सुरुवातीची इतिवृत्तं जर्मनमध्ये आहेत.

त्याच वर्षी आपल्या मुंबईतही असंच काहीसं घडलं, हे वाचून मी चकित झाले. माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईतल्या युरोपियनांच्या लॉजने घेतलं नाही. ते पॅरिसला जाऊन फ्रीमेसन होऊन आले, तरी इथलं दार बंदच. शेवटी डिसेंबर १८४३ मध्ये हिंदी लोकांसाठी 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही वेगळी लॉज निघाली. याच माणकजींनी पुढे मुंबईत मुलींसाठी अलेक्झांड्रा शाळा काढली. न्यूयॉर्क आणि मुंबईच्या या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. फक्त त्या काळात काळी गोटी कुठे कुठे पोचली होती एवढं त्यातून दिसतं.

जर्मनीत हे बंधुमंडळ आलं ते तब्बल चार दशकांनी आणि आलं तेही अपमानातून. १८७९-८० पासून बर्लिनमध्ये ज्यूद्वेष प्रतिष्ठित झाला होता. राजदरबारचा धर्मोपदेशक श्ट्योकर सभा घेत होता, ट्राइट्श्केसारखा नावाजलेला इतिहासकार लेख लिहीत होता, ज्यूंचे हक्क कमी करा म्हणून अडीच लाखांच्या वर सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला होता. ऑड फेलोज नावाच्या दुसऱ्या एका बंधुसंघटनेत ज्यूंना तोवर प्रवेश होता. तिथेही आता चेहरे बदलले, नवे ज्यू सभासद नकोसे झाले. त्यातून बाहेर पडलेल्या काहीजणांनी न्यूयॉर्कला पत्र लिहिलं. म्हणजे जर्मनीतून गेलेल्यांनी तिकडे काढलेली संस्था जर्मनीत राहिलेल्यांनी परत मागवली. २० मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये पहिली लॉज सुरू झाली. नाव काय ठेवलं असेल? 'डॉइचे राइख्सलोगे', जर्मन साम्राज्याची लॉज! ज्या देशाने दार लावलं त्याच देशाचं नाव पाटीवर. याला कुणी लाचारी म्हणेल. मला त्यात हट्ट दिसतो.

बाकीची नावंही वाचण्यासारखी आहेत. ब्रेस्लाउच्या लॉजचं नाव लेसिंग, म्हणजे ज्यू नसलेला, पण ज्यूंना माणूस म्हणून रंगमंचावर आणणारा नाटककार. बर्लिनमधली एक तत्त्वज्ञ स्पिनोझाच्या नावाची. या स्पिनोझाला १६५६ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या ज्यूंनीच वाळीत टाकलं होतं. लॉजमध्ये बसणारे रॅबाय (ज्यू धर्मगुरू), डॉक्टर, वकील, कापडाचे व्यापारी हे सगळे स्पिनोझाचे चाहते असतील असं नाही, पण ज्याला आपल्या लोकांनी बाहेर काढलं त्याला आत घेण्याची त्यांना लाज वाटली नाही.

१९२० च्या दशकात जर्मनीभर अशा शंभरावर लॉज होत्या आणि सभासद पंधरा हजारांच्या आसपास. आकडा छोटा वाटतो, पण हे सगळे कमावते, घर चालवणारे पुरुष. त्यांच्या मागे घरं, दुकानं, ओळखी. बैठकीत एकमेकांना 'बंधू' म्हणायचं, ठरलेले विधी करायचे, धर्मातल्या पंथांवर आणि राजकारणावर भांडायचं नाही. हा शेवटचा नियम कागदावर सोपा आहे. जर्मन ज्यूंमध्ये तेव्हा सुधारक विरुद्ध सनातनी, जर्मन देशभक्त विरुद्ध झायनवादी (ज्यूंचं वेगळं राष्ट्र हवं म्हणणारे) अशी रोजची जुंपलेली असायची. एकमेकांच्या सिनेगॉगची पायरी न चढणारी माणसं लॉजमध्ये एका टेबलाला बसून अनाथ मुलाच्या फीवर चर्चा करत. विधी, परवलीचे शब्द वगैरे मला थोडे हास्यास्पद वाटतात, खरं सांगायचं तर. पण भांडणं बाहेर ठेवायला काहीतरी उंबरठा लागतो, आणि तो उंबरठा जरा थाटामाटाचा असला तर माणूस चप्पल काढायला विसरत नाही.

हांबुर्गची लॉज १८८७ ची. तिला न्यूयॉर्कच्या हेन्री जोन्सचं नाव दिलं होतं. गुस्टाफ टुख हे तिचे कर्ते पुरुष. त्यांच्या लॉजने काय काय केलं याची यादी वाचताना माझ्यासारख्या हिशोब ठेवणारीची छाती दडपते. हांबुर्ग हे बंदर. रशियातल्या दंगलींतून आणि दारिद्र्यातून निघालेले हजारो ज्यू अमेरिकेच्या बोटीसाठी इथे येऊन पडत. त्यांत एकट्यादुकट्या मुली असत आणि लग्नाचं, नोकरीचं आमिष दाखवून त्यांना दूरदेशी विकणारे दलालही असत. लॉजमधल्या लोकांनी या व्यापाराविरुद्ध समिती नेमली. त्या काळात ज्यू पुढाऱ्यांना हा विषय उघड बोलायलाच नको होता, कारण दलालांत काही ज्यूही होते आणि ज्यूद्वेष्ट्यांना आयतं कोलीत मिळेल ही भीती होती. तरीही ते बोलले, याचं श्रेय द्यायला हवं.

१८९३ मध्ये लॉजच्या पुढाकाराने बायकांची एक सेवाभावी संस्था निघाली. ती नावारूपाला आणली झिडोनी वेर्नर या शिक्षिकेने. तिने बाड झेगेबर्गला गरीब, अशक्त मुलांसाठी हवापालटाचं घर उभं केलं. लॉजमध्ये मात्र तिला जागा नव्हती. पेटीत गोटी टाकायला पुरुषच लागत. बायका म्हणजे 'भगिनी', बंधूंच्या नात्याने. स्नेहसंमेलनाला यायचं, मदतकार्य करायचं, मतदान नाही. फ्रँकफर्टच्या बेर्टा पापेनहाइमने १९०४ मध्ये ज्यू स्त्रियांचा देशव्यापी संघ काढला तेव्हा पुरुषांच्या समाजसेवेवर तिची जीभ चांगलीच चालायची. चालणारच. गरीब मुलींना वाचवण्यासाठी जमलेल्या पुरुषांच्या सभेत बाईला बोलायची परवानगी मागावी लागत असेल, तर आणखी काय होणार?

आणखी एक गोष्ट खटकते. पूर्वेकडून आलेला, तिकडच्या ज्यूंची यिडिश भाषा बोलणारा फेरीवाला लॉजच्या मदतीच्या यादीत असे, सभासदांच्या यादीत क्वचितच. त्याच्यासाठी 'टॉयनबी हॉल' नावाचे संध्याकाळचे कार्यक्रम होत. चहा, व्याख्यान, थोडं संगीत. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, पण चहा देणारा आणि चहा पिणारा यांच्या खुर्च्या वेगळ्या. ज्यांना काळी गोटी मिळाली होती त्यांनीही आपल्या दारात गोटीची पेटी ठेवलीच. यावर मी पुष्कळ विचार केला आहे आणि मला ते पूर्ण माफ करता येत नाही. त्याच वेळी हेही दिसतं की ज्या संस्थेत कुणीही यावं, कुणीही जावं, त्या संस्थेत दर आठवड्याला विधवेचे पैसे नेमाने पोचत नाहीत. आमच्या मंडळात गणपतीच्या जेवणाला दीडशे पानं उठतात आणि वार्षिक सभेला, जर्मन कायद्याने संस्था नोंदवायला जेवढे सभासद लागतात तेवढे, म्हणजे सातजण, मोठ्या मुश्किलीने जमतात. त्या सातांच्या जिवावर बाकी सगळं चालतं.

हांबुर्गच्या लॉजचं मला सगळ्यात आवडलेलं काम अगदीच वेगळं आहे. माक्स ग्रुनवाल्ड हा तरुण रॅबाय १८९८ मध्ये म्हणाला, आपल्या लोकांची गाणी, म्हणी, ताईत, बाळंतिणीच्या खोलीत लावायचे कागद, हे सगळं नाहीसं व्हायच्या आत गोळा करू या. लॉजच्या पाठबळावर ज्यू लोकसंस्कृतीची सोसायटी निघाली, नियतकालिक निघालं, वस्तूंचा संग्रह झाला. सूटबूट घालणाऱ्या, शिलरच्या कविता पाठ म्हणणाऱ्या जर्मन ज्यूंना आजीचा ताईत म्हणजे लपवायची चीज वाटायची. त्यांच्याच वर्गणीतून तो काचेच्या कपाटात आला.

विषय जर्मनीचा आहे, पण जाता जाता व्हिएन्नातला एक सभासद सांगायलाच हवा. १८९७ मध्ये तिथल्या लॉजमध्ये डॉ. झिगमुंड फ्रॉइड दाखल झाले. विद्यापीठात त्यांची मतं कुणी ऐकून घेत नव्हतं. स्वप्नांवरचं त्यांचं म्हणणं डॉक्टरांच्या आधी या लॉजमधल्या व्यापाऱ्यांनी आणि वकिलांनी ऐकलं. बंधूंना किती कळलं असेल कोण जाणे, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पुन्हा बोलावलं.

१९२४ पासून जर्मनीतल्या सगळ्या लॉजचे प्रमुख होते बर्लिनचे रॅबाय लेओ बेक. उंच, दाढीवाले, अतिशय औपचारिक. आणि याच काळात लॉज या गोष्टीभोवती विषारी धुकं जमत होतं. बंद दारामागे बसतात, परवलीचे शब्द आहेत, जगभर शाखा आहेत, मग हे नक्की जगावर राज्य करायचा कट करत असणार! पहिल्या महायुद्धातला सेनापती लुडेन्डॉर्फ याने १९२७ मध्ये फ्रीमेसनांच्या विरोधात पुस्तिका छापली. त्याच्या मते फ्रीमेसन म्हणजे ज्यूंचे हस्तक. गंमत अशी की प्रशियातल्या जुन्या लॉज यावर कळवळून सांगत होत्या, अहो, आम्ही ज्यूंना कधीच घेतलं नाही! १९३३ मध्ये त्यांनी आपलं नावही बदलून 'जर्मन ख्रिस्ती संघ' असं काहीसं करून घेतलं. उपयोग झाला नाही. १९३५ मध्ये त्याही बंद झाल्या. शंभर-दीडशे वर्षं निष्ठेने टाकलेल्या काळ्या गोट्या कामी आल्या नाहीत.

ज्यू लॉजवर घाला पडला १९ एप्रिल १९३७ रोजी. नाझींच्या गुप्त पोलिसांची, गेस्टापोची, माणसं देशभर एकाच दिवशी लॉजघरांत शिरली. इमारती, वृद्धाश्रम, मुलांची विश्रामघरं, बँकेतली शिल्लक, सगळं जप्त झालं. कागदपत्रंही गेली. संस्था चोख चालवणाऱ्यांनी सभासदांच्या याद्या छापून ठेवलेल्या होत्या: नाव, धंदा, पत्ता. दरवर्षी आमच्या मंडळाची अशी यादी मी स्वतः तयार करते, म्हणून हे वाचताना माझं बोट थांबलं.

हार्टुंगस्ट्रासेवरचं घर लॉजच्या हातून मंदीच्या काळातच सुटलं होतं. जानेवारी १९३८ मध्ये ते पुन्हा ज्यूंकडे आलं, समाजगृह म्हणून. ज्यू नटांना, वादकांना जर्मन रंगभूमीवरून हाकलून दिलेलं होतं. ज्यू प्रेक्षकांनाही लवकरच नाट्यगृहांची दारं बंद झाली. मग या घरात त्यांनी त्यांच्यासाठी नाटकं केली, १९४१ पर्यंत. प्रत्येक संहिता आधी सरकारी नजरेखालून जायची.

आणि आता मोअरवायडेची गोष्ट, जी मी आतापर्यंत मुद्दाम मागे ठेवली. डामटोअर स्टेशनजवळचं हे हिरवं मैदान आहे आणि त्याच्या कडेला फ्रीमेसनांचं भलंमोठं लॉजघर. ख्रिस्ती सभासदच घेणाऱ्या परंपरेतलं. नाझींनी ते जप्त केलं होतं. ऑक्टोबर १९४१ मध्ये हांबुर्गच्या हजारावर ज्यूंना हुकूम आला: एक बॅग घेऊन या घरात हजर व्हा. रात्र तिथे काढून २५ तारखेला त्यांना पोलंडमधल्या वुच (लॉड्झ) शहराच्या गेटोकडे, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीकडे, नेणाऱ्या गाडीत बसवलं. ज्या दारातून त्यांच्या आजोबांना आत घेतलं नसतं ते दार असं उघडलं. पुढच्या जुलैत ऑश्विट्झला जाणाऱ्या लोकांना जमवण्यासाठी दुसरं घर वापरलं. ते हार्टुंगस्ट्रासेवरचं, त्यांचंच.

लेओ बेक यांना परदेशी निघून जाता आलं असतं. ते गेले नाहीत. जानेवारी १९४३ मध्ये त्यांना टेरेझिनच्या नाझी छावणीत पाठवलं. सत्तरीच्या घरातला माणूस कचऱ्याची गाडी ओढायचा आणि रात्री अंधाऱ्या बराकीत उभ्याने दाटलेल्या माणसांपुढे प्लेटोवर, कांटवर बोलायचा. लॉजच्या शेकडो व्याख्यानांची सवय तिथे उपयोगी पडली असेल का, हा माझा आपला तर्क. ते जिवंत सुटले, लंडनला राहिले आणि १९५६ मध्ये गेले.

युद्ध संपल्यावर काही महिन्यांतच, १९४५ मध्ये, इडा एरे या ज्यू अभिनेत्रीने हार्टुंगस्ट्रासेच्या घरात नाट्यगृह सुरू केलं आणि मरेपर्यंत, चाळीसहून जास्त वर्षं ते चालवलं. बर्लिनमध्ये १९५९ च्या डिसेंबरात लेओ बेक यांच्या नावाने पुन्हा एक लॉज निघाली. गेस्टापोने उचललेली कागदपत्रं सोव्हिएत सैन्याने मॉस्कोला नेली होती. १९९० नंतर ती अभ्यासकांना बघायला मिळाली. लॉजचा इतिहास आपल्याला बराचसा कळतो तो अशा दोनदा लुटलेल्या फायलींतून.

पण त्या काळातलं एक कामसू लेकरू अजून कामावर आहे. १९१७ मध्ये बेर्टा पापेनहाइमचा स्त्रीसंघ, लॉज आणि इतर काही संस्थांनी मिळून सगळ्या ज्यू समाजकार्याचं एक मध्यवर्ती कार्यालय काढलं होतं. नाझींनी ते मोडलं. १९५१ मध्ये ते पुन्हा उभं राहिलं आणि आज फ्रँकफर्टहून चालतं. १९९० नंतर सोव्हिएत संघातून दोन लाखांवर ज्यू आणि त्यांचे कुटुंबीय जर्मनीत आले. इथले मूठभर, तीसएक हजार ज्यू त्यांच्यापुढे अल्पसंख्य झाले. भाषेचे वर्ग, म्हाताऱ्यांची देखभाल, मुलांची उन्हाळी शिबिरं, सरकारी अर्ज कसे भरायचे इथपासून सगळं या कार्यालयाने अंगावर घेतलं. सभासद कोण आणि मदत घेणारा कोण, हा भेद मात्र यावेळी टिकला नाही. पूर्वेकडून आलेलेच आता बहुतेक ठिकाणी समाजाच्या कार्यकारिणीत आहेत, रशियनमध्ये भांडतात, जर्मनमध्ये इतिवृत्त लिहितात. हांबुर्गच्या ज्यू समाजातल्या, ओडेसाहून आलेल्या एका बाईंना मी विचारलं, तुमच्याकडे वार्षिक सभेला किती जण येतात? त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, निवडणूक असेल तर सगळे, आणि हिशोब मांडायचे असतील तर मी आणि खजिनदार.